तेकबरचा खळगा

आमच्या नुआकशोतमध्ये पत्ता विचारला की लोक मशीद सांगतात, पेट्रोलपंप सांगतात, नाहीतर बंद पडलेला दिव्याचा खांब सांगतात. रस्त्यांना नावं आहेत, पण ती पाट्यांवरच राहिली, आणि निम्म्या पाट्या गळ्यापर्यंत वाळूत. मी टॅक्सी चालवतो, त्यामुळे हे जरा अधिकारानंच सांगतोय. पण एक पत्ता असा होता की तो कुणाला समजावून सांगावा लागत नसे. "तेकबरचा खळगा" म्हटलं की गाढवगाडीवालासुद्धा मान हलवून गाडी वळवायचा.

ही तेकबर कुणा मंत्र्याची बायको नव्हे, की पीराच्या घराण्यातली नव्हे. आमची शेजारीण. अजून आहे आणि ठणठणीत आहे. मी तिच्यावर लिहितोय हे कळलं तर म्हणेल, "सिदाती, तुला दुसरा उद्योग नाही का रे?" तिला मूलबाळ नाही. पण आमच्या गल्लीत असं एकही पोर नसेल ज्यानं तिच्या शेळीचं दूध प्यायलं नाही आणि तिच्या हातचा धपाटा खाल्ला नाही. मी दोन्ही भरपूर खाल्लंप्यायलंय, आणि दोन्हींसाठी तिचा ऋणी आहे.

दुष्काळात ती इथे आली तेव्हा राजधानी होऊन दहा-बारा वर्षंच झाली होती. त्याआधी इथे काय होतं? एक जुनी वस्ती, एक फ्रेंच चौकी, खारट विहिरी आणि काटेरी झुडपं. देश स्वतंत्र होणार म्हणून त्याला राजधानी हवी होती. उत्तरेतल्या लोकांचीही नको आणि दक्षिणेत नदीकाठी राहणाऱ्यांचीही नको, म्हणून कुणीतरी दोघांच्या मधे, समुद्रापासून थोडं आत, वाळूवर रेघा मारल्या. पहिलं मंत्रिमंडळ म्हणे तंबूतच बसलं होतं. हिशोब थोड्या हजार माणसांचा होता. मग पाऊस रुसला. एक वर्ष, दोन वर्षं, मग कुणी मोजेना. चारा संपला, वाटेवाटेनं जनावरं पडली, आणि सगळं वाळवंट उठून राजधानीत राहायला आलं. रेघा मारणाऱ्यांच्या नकाशात आम्ही नव्हतोच.

तेकबरकडे तेव्हा नवरा होता, तंबू होता आणि झर्गा नावाची करडी उंटीण होती. बाकी कळप आधीच गेला होता. तंबू झर्गाच्या पाठीवर. शहराचे दिवे दिसायला लागले आणि झर्गा खाली बसली ती उठलीच नाही. मागे एका विहिरीवर दोर टाकला होता तर पोहरा कोरडाच वर आला होता. तेकबरनं तिच्या मानेवर हात ठेवला आणि तिचा जीव जाईपर्यंत तो काढला नाही. पुढे एका लॉरीवाल्यानं काही न घेता तंबू आणि माणसं वर घेतली.

त्या लॉरीवाल्याचं नावही तिला माहीत नाही. पण रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर ती हात उघडून बसायची आणि ज्यांनी तिचं भलं केलं त्या सगळ्यांसाठी दुवा मागायची. पहिला मान लॉरीवाल्याचा. मग पाणी देणाऱ्यांचा, तंबूला ठिगळ देणारीचा, नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात रात्र जागवणाऱ्यांचा. ही यादी इतकी लांबायची की आम्हा पोरांची मासळीभाताची थाळी समोर थंड व्हायची. माझी आई म्हणायची, "तेकबर, अल्लाला ऐकू येतं गं, पोरांना आधी भात खाऊ दे."

ही ग्लाना, माझी आई, तेव्हा नवीन नवरी होती आणि त्याच लॉरीत होती. बाकीचे लोक रस्त्याच्या कडेला उंचावर तंबू ठोकत होते. वारा असा की खुंटी ठोकावी तर ती ठोकेपर्यंत डोळ्यांत वाळू. तेकबर टेकाड ओलांडून पलीकडे गेली. दोन टेकड्यांच्या मधे एक खळगा होता. वारा नाही, थोडी हिरवी झुडपं, वाळू मऊ. ती म्हणाली, "झर्गा असती तर इथेच बसली असती," आणि तिथेच पहिली खुंटी ठोकली.

आमच्यात पहिला तंबू उभा राहिला की बाकीचे त्याच्या ओळीत उभे राहतात, तोंड त्याच दिशेला करून. वाद नाही. आई तिच्या मागे, आईच्या मागे दुसऱ्या, असा सगळा खळगा भरला. तंबूंच्या जागी पत्र्याच्या खोल्या आल्या, पत्र्याच्या जागी सिमेंटच्या विटा. तेकबरनंही एक खोली बांधली, पण तंबू अंगणात उभाच ठेवला आणि झोपायची तिथेच.

कुणी विचारेल, समुद्राच्या पातळीपेक्षाही खाली असलेल्या जागेत घर बांधायचं हे डोक्यात कसं आलं? सांगतो. वाळवंटातल्या माणसाला पाणी वरून येत नाही ही चिंता असते. ते खालून येईल, ही भीती आमच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हती.

पाणी आणायचा तो साम्बा. मूळचा नदीकाठचा, पण राहायचा आमच्या खळग्यातच, गाढवगाडीवर दोन पिंपं. उन्हाळ्यात त्याची वाट बघताना जीव टांगणीला लागायचा. तो आला की तेकबर पहिलं भांडं त्याच्या गाढवापुढे ठेवायची.

"अहो तेकबरबाई, पाणी तुम्ही घेतलंय, गाढव माझं आहे."

"आणलं कुणी? तू की त्यानं?"

"मग उद्यापासून दुवाही त्यालाच द्या."

"देतेच आहे. तुझा नंबर त्याच्या मागे लागतो."

आणि खरंच यादीत साम्बाचं गाढव साम्बाच्या आधी यायचं. मी कानांनी ऐकलंय.

मग नदीचं पाणी नळानं शहरात आलं. साम्बाचा धंदा बसला, पण सगळ्यात मोठ्यानं हसून नाचला तोच, कारण आता त्याच्या बायकोलाही पाण्यासाठी थांबावं लागणार नव्हतं. लोक अंघोळी करू लागले, कपडे रोज धुऊ लागले, कुणी तर अंगणात लिंबू लावलं. वापरलेलं पाणी घरामागच्या खड्ड्यात. शहराला उतार नाही, गटार नाही. ते जाणार कुठे? वाळूत जायचं, आणि दिसेनासं झालं की आम्हाला वाटायचं संपलं.

एके दिवशी, आकाशात ढगाचा ठिपका नसताना, तेकबरच्या अंगणातली वाळू काळी पडली. तिनं हात लावला. ओली. तिनं पुन्हा हात लावला, नाकाशी नेला, आणि मग जीभ लोळवत आनंदाचा असा उलूकार घातला की गल्लीतले लोक लग्न समजून धावत आले. तोवर बाई गुडघ्यांवर बसून जेवणाच्या परातीनं खणायला लागली होती. कोपरभर खोल गेल्यावर पाणी चमकलं. बायकांनी उलूकार उचलला, म्हातारे रडले. माझी आईसुद्धा रडली, आणि ती कांदा चिरतानाही रडत नाही. तेकबरनं आपली दुभती शेळी कापली आणि सगळ्या गल्लीला जेवण घातलं. घरात पाणी आपल्या पायांनी चालत आलं, आणि आमच्या लोकांनी त्याला पाहुण्यासारखं बसवून घेतलं. जगात कुठल्या शहरात घराच्या जमिनीत ओल आली म्हणून कुणी मेजवानी दिली असेल, मला माहीत नाही.

साम्बानं ओंजळीत घेऊन चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "तेकबरबाई, खारट आहे. आणि यात माझं कालचं धुणं आहे, साबणाचा वास ओळखीचा वाटतोय."

सगळे खो खो हसले. तेकबर हसली नाही. "पाणी ते पाणी," ती म्हणाली. "नावं ठेवू नका."

पण पाणी थांबेना. खड्ड्याचं डबकं झालं, डबकं शेजारच्या अंगणात गेलं. त्यात त्या वर्षी पाऊसही आला, कधी नव्हे तो धो धो. भिंतींना मीठ फुटलं, विटा हातानं चुरता येऊ लागल्या. आम्ही काय केलं? वाळू टाकली. आयुष्यभर ज्यानं सगळे प्रश्न सोडवले तेच आम्हाला ठाऊक होतं. गाड्याच्या गाड्या वाळू ओतली, पाणी ती पिऊन अजून मागायचं. रात्री बेडकं ओरडायची आणि पोरं घाबरून आयांना बिलगायची, कारण असा प्राणी त्यांनी पाहिलाच नव्हता.

साम्बा घोट्याइतक्या पाण्यात उभा राहून म्हणाला, "जन्मभर पाणी विकलं, आता ते फुकटात बिछान्यापर्यंत येतंय! तेकबरबाई, तुम्ही त्याचं तोंड उघडलंत, आता बंद कसं करायचं तेही सांगा."

चेष्टाच होती. साम्बाची जीभ कुणी मनावर घेत नाही. पण मी तेकबरकडे पाहिलं आणि मला कळलं की ही मनावर घेतली गेली. तपासणीला आलेल्या एका तरुण इंजिनिअरनं नंतर समजावून सांगितलं की सगळ्या सखल भागांत असंच वर येतंय, तुमच्या परातीचा काही संबंध नाही. तेकबरनं मान डोलावली, त्याला चहा दिला आणि त्याचा एक शब्दही मानला नाही.

त्या दिवसापासून संध्याकाळची यादी बंद झाली. नमाज पढायची आणि गुपचूप चटई गुंडाळायची. लॉरीवाला नाही, गाढव नाही. मी एकदा म्हटलं, "मावशी, दुवा राहिली."

"कुठल्या तोंडानं मागू रे? खळग्यात मीच आणलं सगळ्यांना. आणि शेळी कापून पाण्याला आमंत्रणही मीच दिलं."

सरकारनं आम्हाला पूर्वेला, शेवटच्या दिव्याच्या पलीकडे जागा दिली. ओसाड माळ, तुमच्यात तुम्ही बसा म्हणाले. घर उठायच्या दिवशी तेकबर माझ्या टॅक्सीत पुढे बसली आणि म्हणाली, "मी अयूनला जाते, भाच्याकडे. ग्लानाला नवी जागा नीट मिळाली की नाही तेवढं बघते, मग मला गाडीअड्ड्यावर सोड."

"अयूनला तुझं कोण आहे? तो भाचा तुला त्याच्या लग्नानंतर भेटला नाही."

"म्हणूनच बरं. त्याला मी अजून बुडवलेलं नाही."

आणि तंबू? तंबू तिनं माझ्या आईला देऊन टाकला. आमच्यात बाई नवरा सोडते, घर सोडते, पण तंबू देत नाही. तो तिचाच असतो, माहेराहून आलेला. आईनं तो घेतला. मला वाटलं, आता ही गेलीच. मी उगाच हॉर्न वाजवला.

माळावर सगळे पोचले. सामान उतरलं, पण एकानंही दोर सोडला नाही. बायका बोचक्यांवर बसल्या. कुणीतरी शेगडी पेटवून चहा टाकला. पहिला पेला झाला, दुसरा झाला. ऊन डोक्यावर. शेळ्या ओरडायला लागल्या. तेकबर गाडीत बसून काचेतून बघत होती.

शेवटी तिनं काच खाली केली. "अगं, तंबू ठोका की! पोरं करपतायत!"

"कुठे ठोकायचे?" एका बाईनं विचारलं.

"मला विचारू नका. मागच्या वेळी विचारलंत त्याचं काय झालं?"

तिसरा पेलाही झाला. मग माझी आई उठली. तिनं तेकबरचाच तंबू पसरला, खांब उभे केले आणि तोंड नेमकं ईशान्येला, वाऱ्याकडे करून खुंट्या ठोकायला लागली. वाऱ्याच्या दोन झोतांत आत इतकी वाळू शिरली की कापड फुगून पोटासारखं दिसायला लागलं. माझी आई तंबूत जन्मली आहे. ती झोपेतसुद्धा असा तंबू ठोकणार नाही.

"ग्लाना!" गाडीतून आवाज आला. "डोळे फुटले का तुझे?"

"नाही गं. पण पहिली खुंटी तुझी असते. मला काय कळतं त्यातलं?"

"फाटेल तो! शिवण उसवेल!"

"उसवू दे. आता माझा आहे ना? वाटेल तसा ठोकीन."

कापड फडाडलं. आई दुसरी खुंटी ठोकायला वाकली. तेकबर मला म्हणाली, "सिदाती, गाडी सुरू कर. मला हे बघवत नाही." मी किल्ली फिरवली, गिअर टाकला, आणि चाकं जागच्या जागी फिरून वाळूत रुतली. ती अजून म्हणते की मी मुद्दाम केलं. शपथ घेऊन सांगतो, खरंच रुतली. मुद्दाम करायला मला सुचलं असतं तर मी आधीच केलं असतं.

तेकबर दार आपटून उतरली. अंगाभोवती गुंडाळलेला मलहफा कमरेला खोचला, आईच्या हातातून हातोडा ओढला आणि म्हणाली, "हो बाजूला, बिनडोक बाई!" आईनं मान खाली घालून हसू लपवलं. तेकबरनं सगळ्या खुंट्या उपटल्या. माळावर इकडून तिकडे फिरली, वाळू हातात घेऊन सोडली, खळगा दिसला तर तिकडे पाठ केली. टेकडीच्या मधल्या उतारावर येऊन थांबली.

"इथे. पाण्याला यायचं तर चढून यावं लागेल, आणि वाऱ्याला यायचं तर उतरून. दोघांनाही जरा कष्ट पडू देत."

मग तिनं आमच्याकडे पाहिलं. हातोडा हवेतच होता. "पण जर पुन्हा चुकलं तर?"

साम्बा आपल्या पिंपावरून उठला. "तर पुन्हा उठू. तेकबरबाई, मी आयुष्यभर बडबडलो, एकदा खरं बोलतो. त्या खळग्यात माझी पाचही पोरं वाढली, एकही उपाशी झोपलं नाही. तुम्ही तिथे खुंटी ठोकली नसती तर मी कुठे असतो? त्या दिवशी बोललो ते गाढव बोललं असं समजा."

"गाढव असं बोललं नसतं," तेकबर म्हणाली आणि खुंटी ठोकली.

त्या संध्याकाळी सगळ्यांचे तंबू एका ओळीत उभे होते. वाळू कुसकुसमध्ये कचकचत होती आणि आम्ही ती चावून खात होतो. ती अयूनला गेली नाही. पण दुवेची यादी काही तिनं पुन्हा सुरू केली नाही. जुन्या जागेचं नाव काढलं की विषय बदलायची. गाडीत बसली की सांगायची, "खळग्याच्या बाजूनं नको नेऊस." मी लांबचा वळसा घ्यायचो.

या हिवाळ्यात तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होतो. वळशाचा रस्ता वाळूखाली गेला होता, वाळू उपसणारं सकाळचं यंत्र अजून आलं नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, आज दुसरा इलाज नाही." तिनं मलहफ्याचा पदर तोंडावर ओढून घेतला आणि गप्प बसली.

खळग्याशी आलो तर पुढे उंट आडवे. मी हॉर्न वाजवला. उंट काही हॉर्नला भीक घालत नाहीत. एक जण रेकला आणि तो आवाज ऐकून तेकबरनं पदर काढला.

आमची गल्ली राहिली नव्हती. तिथे तळं होतं. काठानं लव्हाळी माणसापेक्षा उंच वाढली होती, पांढरे पक्षी एका पायावर उभे होते आणि पडक्या भिंतींमधून उंट माना खाली घालून पाणी पीत होते. नेमकं तेकबरच्या अंगणात, जिथे परातीनं खणलं होतं तिथे, एक करडी उंटीण होती.

तेकबर दार उघडून उतरली. मीही उतरलो. गुराखी तरुण होता, लांबून आलेला, ओठांना वाळूनं भेगा पडलेल्या.

"पाणी खारट नाही का रे?" तेकबरनं विचारलं.

"थोडं खारट आहे, आई. यांना तसंच आवडतं. यंदा आमच्याकडे विहिरी आटल्या. हे मिळालं नसतं तर निम्मा कळप वाटेत टाकावा लागला असता."

"कुणाचं आहे हे?"

"कुणाचं असणार? याला तेकबरचं पाणी म्हणतात. कुणी बाई होती म्हणे, तिनं आपल्या हातानं खणलं, आणि पाणी लागलं म्हणून आपली शेळी कापून लोकांना जेवू घातलं." त्यानं काठी काखेत धरली, दोन्ही हात उघडले. "कोण होती देव जाणे. आम्ही इथे आलो की तिच्यासाठी दुवा मागतो. अल्ला तिचं भलं करो."

माझ्या तोंडाशी आलं होतं, अरे, हीच ती. तेकबरनं माझं मनगट धरलं, घट्ट.

"आमीन," ती म्हणाली. मग हात उघडले आणि तिथेच, काठावर उभी राहून, यादी सुरू केली. लॉरीवाला. साम्बाचं गाढव. साम्बा. ग्लाना. आणि हे पाणी.

यादी संपली तरी ती हलेना. मी घड्याळ दाखवून म्हटलं, "मावशी, डॉक्टर वाट बघतोय."

"बघू दे. त्या करडीचं पिऊन होऊ दे आधी."